टीव्हीच्या खोक्यावर न छापलेले आकडे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत कमी किमतीच्या टीव्हींची तुलना करणारा तक्ता आला होता. किती इंच, ४के आहे का, एचडीआर (चित्रातले उजळ भाग जास्त झळाळून दाखवणारं तंत्र) आहे का, रॅम किती, स्टोरेज किती, स्पीकर किती वॅटचे, रिमोटशी बोलता येतं का आणि शेवटी किंमत. तक्ता मेहनतीने केलेला दिसत होता. एखादा रकाना नजरेतून सुटला असेल असं वाटून मी तो पुन्हा वाचला. पण टीव्हीवर चित्र कसं दिसतं, याचा रकाना त्यात नव्हताच.

मी टीव्ही दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात हात बसला आणि आता दिवसभर सपाट पॅनेल उघडत असतो. महागडे सेट माझ्या टेबलावर क्वचित येतात. येतात ते तुमच्या तक्त्यातल्याच वर्गातले. स्वस्त टीव्ही घेऊ नका असं सांगायला हे पत्र लिहीत नाही, माझ्या घरीही स्वस्तच आहे. मला म्हणायचंय ते असं की पैसे मोजके असतील तर ते आधी काळ्या रंगावर खर्च करावेत, इंच आणि ४के नंतर बघावेत. आणि हे ठरवायला लागणारी माहिती गिऱ्हाइकाला खोक्यावर मिळत नाही, जाहिरातीत मिळत नाही, तुमच्या तक्त्यातही मिळाली नाही.

काळ्या रंगाचं एवढं काय, असं कोणी विचारेल. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच, फक्त मागचा उजेड एलईडीचा. हा उजेड मागे सतत पेटलेला असतो आणि त्याच्यापुढे लिक्विड क्रिस्टलचा थर असतो. प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, ही खिडकीची एक झडप समजा. उघडली की उजेड पुढे येतो, मिटली की अडतो. पण ही झडप कधीच घट्ट मिटत नाही, फटीतून थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळे या टीव्हीवरचा काळा हा खरं तर गडद राखाडी असतो. तो किती राखाडी आहे हे कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ आहे या, आकड्यावरून कळतं. आयपीएस जातीच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ असतो, व्हीए जातीच्या पॅनेलचा ३००० ते ५००० ला १. म्हणजे पडद्यावरचा पांढरा ३०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) असेल तर आयपीएसचा काळा ०.३ निट आणि ४००० वाल्या व्हीएचा ०.०७५ निट. दिवे लावलेल्या खोलीत हा फरक फारसा जाणवत नाही. दिवे मालवून रात्रीचा एखादा प्रसंग लावा. आयपीएसवर आभाळ धुरकट दिसतं, माणसाचे काळे केस मागच्या अंधारात मिसळून जातात. चांगल्या व्हीएवर तेच केस सुटे दिसतात, चेहऱ्याला उठाव येतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हे चित्र जास्त क्लिअर आहे.’ पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच असतात!

खोक्यावर कधी कधी दहा लाखाला एक असा कॉन्ट्रास्ट छापलेला असतो. त्याच्या मागे ‘डायनॅमिक’ हा शब्द बारीक अक्षरात सापडेल. पूर्ण काळं चित्र आलं की सेट मागचा उजेडच विझवतो आणि तेव्हा काळा मोजतात. मग उजेड पुरा पेटवून पांढरा मोजतात. एकाच चित्रात हे दोन्ही कधी दिसणार नाहीत. हा आकडा तुम्ही तक्त्यात घेतला नाहीत, त्याबद्दल मात्र आभार.

मग सगळ्यांनी व्हीएच घ्यावा का? तसंही नाही. मागे एक गृहस्थ नवाकोरा सेट घेऊन आले. त्यांच्या आईची तक्रार होती, चेहरे पांढुरके दिसतात. टेबलावर लावला तर चित्र फक्कड. मी विचारलं, टीव्ही टांगलाय कुठे? उत्तर आलं की भिंतीवर उंच, आणि आई बाजूच्या पलंगावरून बघते. व्हीए पॅनेल समोरून जेवढं खुलतं तेवढंच बाजूने आणि खालून फिकं पडतं. सेटमध्ये काडीचा दोष नव्हता. टीव्ही खाली घेतला, थोडा पुढे झुकवून पलंगाच्या दिशेने वळवून बसवला आणि आईंची तक्रार मिटली. जिथे माणसं खोलीभर पसरून बसतात, कोणी जमिनीवर, कोणी कोपऱ्यात, तिथे आयपीएस बरा. एक-दोघं समोर बसून रात्री सिनेमा बघतात, तिथे व्हीए. ही निवड महाग नाही, दोन्ही जाती स्वस्त सेटमध्ये मिळतात. पण कुठल्या सेटमध्ये कुठली आहे हे कोणी लिहीत नाही. एकाच मॉडेलच्या ४३ इंचात एक जात आणि ५० इंचात दुसरी, असंही मी उघडून पाहिलेलं आहे.

आता ४के. फुल एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, ४केत ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट! ऐकायला भारी वाटतं. पण निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतच बारकावे वेगळे ओळखतो. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे फुल एचडीचा एक पिक्सेल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. १.७ मीटरपेक्षा लांब बसलात तर शेजारचे दोन पिक्सेल डोळ्याला एकच वाटतात. ४केची बारकाई पुरती वसूल करायची तर त्याच पडद्यापासून ८५ सेंटिमीटरवर बसावं लागेल. एवढ्या जवळून घरी टीव्ही कोण बघतं? लहान मुलं बघतात, आणि आपण त्यांना मागे व्हायला सांगतो. ३२ इंचाचं गणितही असंच. १३६६ गुणिले ७६८ चं पॅनेल पावणेदोन मीटरवरून पाहिलं तर ठिपके दिसत नाहीत. त्याला ‘जुनं’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

हल्ली ४३ इंच आणि त्यापुढे बहुतेक सेट ४केच येतात, त्यामुळे टाळतो म्हटलं तरी टाळता येत नाही. टाळूही नका. फक्त तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका आणि ४के लिहिलंय म्हणजे चित्र चांगलं असं धरून चालू नका. काही स्वस्त पॅनेलांत तर लाल, हिरव्या, निळ्याच्या जोडीला चौथा पांढरा ठिपका घालून पिक्सेलांची भरती केलेली असते. त्यात पडदा उजळ होतो, पण रंगांचे ठिपके तेवढे कमी पडतात. शिवाय येणारा सिग्नलच ७२० गुणिले ५७६ चा असेल तर उरलेले पिक्सेल टीव्ही अंदाजाने भरतो, आणि स्वस्त सेटमधल्या चिपचा अंदाज यथातथाच असतो. जुन्या वाहिन्या मोठ्या ४के पडद्यावर गिचमिड दिसतात त्या यामुळे.

इंचांचंही तसंच. ४३ वरून ५५ वर गेलं की पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ६४ टक्क्यांनी वाढतं. टीव्हीतला सगळ्यात महाग भाग पॅनेलच. तेव्हा जो ५५ इंची सेट चांगल्या ४३ इंचीच्याच भावात मिळतो, त्यात हा जादा खर्च कुठून तरी भरून काढलेला असतो. कुठून, ते मला मागचं झाकण उघडल्यावर दिसतं. एलईडीच्या पट्ट्या कमी आणि लांब लांब अंतरावर लावलेल्या असतात. प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवायला प्लास्टिकचं भिंग चिकटवलेलं असतं आणि थोड्या एलईडींकडून सगळा उजेड काढायचा म्हणून त्यांना करंट जास्त दिलेला असतो. मग उजेड एकसारखा पसरत नाही. बातम्या बघताना हे कळणार नाही, पण मैदानावरचा खेळ लावा. कॅमेरा हिरवळीवरून सरकू लागला की पडद्यावर मळकट पट्टे उभे असलेले दिसतील. ते एकदा दिसले की मग नजर सारखी तिथेच जाते.

एचडीआरवर मात्र माझा खरा राग आहे. एचडीआर१० या नेहमीच्या प्रकारात चित्र तयार करताना सर्वांत उजळ भाग सहसा १००० निटपर्यंत नेतात, कधी ४००० पर्यंत. सूर्याची तिरीप, दिव्याची ज्योत, पाण्यावरची चमक यांत त्याची गंमत असते. स्वस्त सेटचा उजेड असतो २०० ते ३०० निट. मग खोक्यावर एचडीआर लिहिलं कसं? कारण तो सेट एचडीआरचा सिग्नल आत घेतो. दाखवू शकतो असं कोणी म्हटलेलंच नाही. हजार निटचं चित्र अडीचशेत बसवायचं म्हणजे एक तर उजळ भाग कापायचा, नाहीतर सगळं चित्र काळवंडू द्यायचं. ‘एचडीआर लावलं की अंधार होतो, काय बिघडलंय?’ असं विचारत लोक येतात. काही बिघडलेलं नसतं. मी सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर बंद करून देतो आणि ते खूश होऊन जातात. साधं चित्र १०० निटच्या पडद्यावर बघून तयार केलेलं असतं, ते हा सेट आरामात दाखवतो. सिनेमागृहातला पडदा तर ४८ निटच्या आसपासच असतो. तिथे उजेड कमी पडला अशी तक्रार ऐकली आहे का कधी? अंधार असतो, म्हणून पुरतो.

क्यूएलईडीचं निदान थोडं तरी खरं आहे. मागच्या उजेडापुढे क्वांटम डॉट्स नावाच्या अतिसूक्ष्म कणांची फिल्म असते, तिने लाल आणि हिरवा जास्त शुद्ध होतो. या कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, आणि ज्या निळ्या एलईडीमुळे मागचा पांढरा उजेड शक्य झाला त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं. म्हणजे स्वस्तातल्या स्वस्त क्यूएलईडीतही दोन नोबेलं असतात. पण फिल्मने काळा सुधारत नाही. झडपा त्याच, फटी त्याच.

आता टिकण्याबद्दल, कारण किमतीचा हिशोब त्याशिवाय पुरा होत नाही. माझ्याकडे सगळ्यांत जास्त येणारी तक्रार म्हणजे आवाज आहे, चित्र नाही. अशा वेळी अंधारात पडद्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकला की आतलं चित्र अंधुक हलताना दिसतं. याचा अर्थ पॅनेल जिवंत आहे, बॅकलाइट म्हणजे मागचा उजेड मेला आहे. पट्टीतला एक एलईडी गेला की त्याच्याशी माळेसारखे एकापुढे एक जोडलेले बाकीचेही विझतात. कधी भिंग गळून पडतं आणि पडद्यावर पांढरा गोल ठिपका उमटतो. कधी एलईडीवरचा पिवळा लेप उष्णतेने जळतो आणि चित्र निळं-जांभळं होत जातं, कारण आतला एलईडी निळाच असतो, पांढरेपणा त्या लेपाचा. पट्टी बदलणं फार महाग नाही, पण त्यासाठी कागदासारखं पातळ पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं. ते काम करताना मी श्वास रोखून धरतो. पॅनेल तडकलं तर विषय संपला, कारण सुटं पॅनेल जवळपास नव्या सेटच्या भावात जातं.

या बिघाडांचं मोठं कारण म्हणजे बॅकलाइट कायम शंभरवर ठेवणं. दुकानातला सेट ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असतो, गिऱ्हाईक तो तसाच घरी वापरतं. घरात संध्याकाळी बॅकलाइट चाळीस-पन्नासवर आणला तर डोळ्यांना बरं वाटतं, काळा अधिक काळा दिसतो आणि एलईडी थंड राहतात. मात्र ‘ब्राइटनेस’ नावाचं बटण बऱ्याच सेटमध्ये उजेडाचं नसतं, ते काळ्याची पातळी वर-खाली करतं. उजेड कमी करायचा तर ‘बॅकलाइट’ शोधा. चित्र ‘सिनेमा’वर, रंगाची छटा ‘वॉर्म’वर आणि शार्पनेस जवळजवळ शून्यावर ठेवा. सुरुवातीला पिवळट वाटेल. दोन दिवस राहू द्या आणि मग परत व्हिव्हिड लावून बघा. चेहरे आजारी माणसांसारखे निळे दिसतील.

काटकसर कुठे करावी हेही सांगतो, नाहीतर हा माणूस नुसता खर्च वाढवायला सांगतो असं वाटेल. टीव्हीतल्या स्मार्टपणावर एक पैसा जादा देऊ नका. स्वस्त सेटची चिप आणि रॅम काही वर्षांत अपुरी पडते, अपडेट येणं थांबतं, अॅप रडायला लागतात. तेव्हा टीव्हीमागच्या एचडीएमआय खाचेत अॅप चालवणारी एक छोटी स्टिक लावली की भागतं. आवाज तर बहुतेक सगळ्याच सपाट सेटांचा पोकळ, स्पीकर खाली तोंड करून बसवलेले. तो बाहेरून सुधारता येतो. कडा किती पातळ, पाय कसल्या धातूचे, हे पहिल्या आठवड्यानंतर कोणी बघतही नाही. पॅनेल मात्र पहिल्या दिवशी घेतलं तेच शेवटपर्यंत. म्हणून वाचवलेले पैसे पॅनेलवर जावेत आणि तेवढ्यासाठी एक माप लहान घ्यावं लागलं तरी घ्यावं.

अर्थात, दिवसा खिडक्या उघड्या ठेवून बातम्या आणि मालिका बघणाऱ्यांना माझ्या काळ्या रंगाचा उपयोग कमी. त्यांनी उजेडाचे निट आणि काच किती चमकते ते पाहावं. टीव्ही घ्यायला निघालेल्याला मी आधी विचारतो, बघणार कधी आणि बसणार कुठे? इंच नंतर.

दुकानात हे तपासता येतं, पण तिथली चित्रफीत बघून नाही. तिच्यात फुलं, फळं, पोपट आणि समुद्र असतो, काळोख नसतो. पेनड्राइव्हवर एक सपाट राखाडी चित्र, एक पूर्ण काळं, एक ओळखीचा चेहरा आणि रात्रीचा एखादा प्रसंग घेऊन जा. रिमोट मागून घ्या, सेट सिनेमावर आणा. राखाडीत डाग आणि पट्टे दिसतील, काळ्यात कोपऱ्यांतून फुटणारा उजेड दिसेल. मग दोन पावलं बाजूला सरका. चेहरा फिका पडला तर व्हीए, तसाच राहिला तर बहुधा आयपीएस. विक्रेता कंटाळेल, त्याला कंटाळू द्या.

पण प्रत्येक वाचकाने पेनड्राइव्ह घेऊन फिरावं ही अपेक्षा मी करत नाही. त्यासाठीच वर्तमानपत्र असतं. पुढचा तक्ता कराल तेव्हा रॅम आणि रिमोटचे रकाने काढले तरी चालतील. त्या जागी पॅनेलची जात, डायनॅमिक नसलेला कॉन्ट्रास्ट आणि निट असे तीन रकाने घाला. पडद्यावर चित्र झळकत असलेले टीव्हीचे फोटोही छापू नका. ते चित्र टीव्हीचं नसतं, नंतर चिकटवलेलं असतं. आकडे कंपन्यांकडे मागा. त्या देणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. नाही दिले तर त्या नावापुढचा रकाना गाळू नका, ‘विचारलं, सांगितलं नाही’ एवढं त्यात छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर